दूरप्रवासी मोटारसायकल : सिद्धता व साधनसामग्री

दूरप्रवासी मोटारसायकल : पक्के रस्ते, पेट्रोलपंप व दुरुस्तीच्या सोयी यांची शाश्वती नसलेल्या प्रदेशांतून दीर्घकाळ प्रवास करता यावा, अशा रीतीने निवडलेली, बदललेली व सामग्रीने सज्ज केलेली मोटारसायकल. शर्यतीच्या मोटारसायकलीची सिद्धता वेगासाठी असते व तिच्यामागे कारागिरांचे पथक उभे असते. दूरप्रवासी मोटारसायकलीला असा आधार नसतो. स्वाराला लागणारे पाणी, अन्न, कपडे, पेट्रोल, अवजारे व सुटे भाग हे सर्व तिलाच वाहून न्यावे लागते. या सिद्धतेचा इतिहास वरवर पाहता नवनव्या उपकरणांची भर पडत गेल्याचा दिसतो. वस्तुतः तो भाराशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे. सुरक्षिततेसाठी बरोबर घेतलेली प्रत्येक वस्तू वाहनाचे वजन वाढविते आणि वाढलेले वजनच पुष्कळदा मोडतोडीचे व पडण्याचे कारण ठरते. काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे, हा प्रश्न अनुभवी प्रवाशांना नेहमीच अधिक कठीण वाटत आला आहे.

प्रारंभीचा काळ : जर्मनीत गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोल-एंजिनावर चालणारे, लाकडी सांगाड्याचे दुचाकी वाहन तयार केले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १६ मे १९०३ रोजी, जॉर्ज वायमन हे अमेरिकन स्वार ‘कॅलिफोर्निया’ नावाच्या मोटारसायकलीवरून सॅन फ्रॅन्सिस्को येथून निघाले आणि ६ जुलै रोजी न्यूयॉर्कला पोहोचले. अमेरिका खंड यांत्रिक वाहनाने ओलांडणारे ते पहिले प्रवासी होत. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांची मोटारगाडी तेथे पोहोचली ती त्यानंतर सु. तीन आठवड्यांनी. वायमन यांचे वाहन म्हणजे मजबूत केलेल्या सायकलीच्या सांगाड्यात बसविलेले सव्वा अश्वशक्तीचे एंजिन होते. मागचे चाक चामडी पट्ट्याने फिरे. त्याला गिअर नव्हते; पेडल मात्र होते. उबदार कपडे, पाण्याची बाटली, पेट्रोल व तेल यांचे डबे, थोडी अवजारे, एक लहान कॅमेरा व एक पिस्तूल एवढेच सामान त्यांच्याजवळ होते. पश्चिमेकडील डोंगराळ व वाळवंटी मुलखात रस्ते इतके वाईट होते की, त्यांनी पुष्कळसे अंतर लोहमार्गावरील लाकडी स्लीपरांवरून आदळत काढले. पट्टा वारंवार तुटे आणि तो सांधून पुढे जावे लागे. अखेर ऑल्बनीच्या आसपास एंजिन निकामी झाले, तेव्हा उरलेले सु. २४० किमी. अंतर त्यांनी पेडल मारीत पुरे केले. वाहन हलके होते म्हणूनच हे शक्य झाले. एंजिन बंद पडलेली पाव टन वजनाची आधुनिक गाडी कोणालाही अशी हाकता येणार नाही.

कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी यांनी १९१२-१३ मध्ये चार सिलिंडरांच्या हेंडरसन मोटारसायकलीवरून यूरोप, उत्तर आफ्रिका, श्रीलंका, जपान व अमेरिका असा जगप्रवास केला. ऑगस्टा व ॲडलिन व्हॅन ब्यूरेन या भगिनींनी १९१६ मध्ये इंडियन कंपनीच्या दोन मोटारसायकलींवरून अमेरिका खंड पार केला. त्यांच्या सामग्रीत चामड्याचे कपडे व घोड्यावर बसताना वापरावयाच्या तुमानी होत्या. हा वेश पुरुषी ठरवून काही लहान गावांच्या पोलिसांनी त्यांना अटकही केली. स्वाराचा पोशाख हा साधनसामग्रीचाच एक भाग असतो, ही गोष्ट तेव्हाच्या समाजाला अशी अवघड वाटली.

पहिल्या महायुद्धात मोटारसायकलीची खरी परीक्षा झाली. संदेशवाहकांसाठी ब्रिटिश सैन्याने घेतलेली ट्रायंफ कंपनीची ‘मॉडेल एच’ ही ५५० घ. सेंमी. एंजिनाची, तीन गिअरांची गाडी चिखलात व खड्ड्यांत टिकली. तिचे सु. ३०,००० नग युद्धकाळात तयार झाले. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या पिशव्या, बळकट कॅरिअर आणि ठराविक अवजारांची गुंडाळी ही मांडणी सैन्यातून नागरी प्रवासात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकावयास काढलेल्या मोटारसायकली व त्यांच्या जाड कापडी पिशव्या स्वस्तात मिळू लागल्या आणि पुढे कित्येक वर्षे सामान्य प्रवाशाची सामग्री तीच राहिली.

दोन महायुद्धांमधील प्रवास : या काळातील तीन प्रवास सिद्धतेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत, कारण त्यांतील प्रत्येकाने भाराचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. झोल्टान सुल्कोव्स्की व ज्यूला बार्था हे हंगेरियन मित्र १९२८ मध्ये हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलीला साइडकार जोडून निघाले व १९३६ मध्ये परतले. त्यांच्या मार्गात भारतही होता. तिसऱ्या चाकामुळे सामान भरपूर नेता येते व गाडी उभी राहताना कलंडत नाही. मात्र अशी गाडी बैलगाडीच्या चाकोरीत नीट बसत नाही आणि अरुंद पायवाटेवरून तर ती जाऊच शकत नाही; म्हणजे मोटारसायकलीचा मुख्य गुणच ती गमावून बसते.

थेरेसा वॉलक व फ्लॉरेन्स ब्लेंकिरन यांनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून केपटाउनकडे प्रयाण केले. त्यांच्या ६०० घ. सेंमी.च्या पँथर मोटारसायकलीला साइडकार तर होतीच, शिवाय मागे एक जोडगाडाही होता. एवढे ओझे एकाच सिलिंडरच्या एंजिनाने सहारा वाळवंटातून ओढून नेले, हे नवलच होय. वाळूत रुतलेली गाडी मोकळी करण्यासाठी दोघींना वारंवार फावडे चालवावे लागे. आगादेझच्या अलीकडे एंजिनातील मोठे बेअरिंग गेले. गाडी ओढून गावात आणावी लागली आणि तेथे एंजिन संपूर्ण उघडून पुन्हा उभे करण्यात आले. जुलै १९३५ च्या अखेरीस त्या केपटाउनला पोहोचल्या. वॉलक या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या. बरोबर नेलेल्या सुट्या भागांपेक्षा ते बसविण्याचे ज्ञान अधिक मोलाचे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

रॉबर्ट एडिसन फुल्टन या तरुण अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाची सिद्धता या दोहोंहून वेगळी होती. जुलै १९३२ मध्ये लंडनहून निघून तुर्कस्तान, सिरिया, इराक, अफगाणिस्तान, भारत, आग्नेय आशिया व चीन या मार्गाने ते जपानला गेले आणि डिसेंबर १९३३ मध्ये न्यूयॉर्कला परतले. डग्लस कंपनीने दिलेल्या दोन सिलिंडरांच्या गाडीवर त्यांनी पेट्रोलची जादा टाकी बसवून घेतली व चाकांना मोटारगाडीचे टायर चढविले. मोटारगाडीचा टायर वळणावर अडखळतो. परंतु ज्या शहरी मोटारगाड्या पोहोचल्या होत्या, तेथे तो मिळू शके. एंजिनाच्या तळाचे दगडांपासून रक्षण करण्यासाठी लावलेल्या जाड पत्र्याच्या आड एक छोटी पोकळी ठेवून तीत पिस्तूल दडविण्यात आले होते. तळपत्रा, मोठी टाकी व सर्वत्र मिळणारा टायर या तीन गोष्टी आजही सिद्धतेच्या आरंभी येतात. फुल्टन यांचे वन मॅन कॅरॅव्हॅन हे प्रवासवर्णन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.

युद्धोत्तर काळ : १९५० नंतर यूरोपातून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे भारत-नेपाळपर्यंतचा खुष्कीचा मार्ग प्रवाशांनी गजबजू लागला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएट फौजा शिरल्या, तेव्हा हा ओघ जवळजवळ थांबला. या मार्गावरील मोटारसायकली बहुधा साध्या रस्त्यावरच्याच असत. आन-फ्रांस दोतव्हिल या फ्रेंच पत्रकार महिलेने १९७३ मध्ये कावासाकी कंपनीच्या अवघ्या १२५ घ. सेंमी. गाडीवरून एकटीने जगप्रवास केला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी टेड सायमन हे ब्रिटिश पत्रकार ५०० घ. सेंमी.च्या ट्रायंफ मोटारसायकलीवरून लंडनहून निघाले व चार वर्षांत सु. १,००,००० किमी. प्रवास करून १९७७ मध्ये परतले. या प्रवासात ते भारतातही हिंडले. त्यांचे जुपिटर्स ट्रॅव्हल्स हे पुस्तक १९७९ मध्ये निघाले आणि त्याने पुढच्या पिढीतील असंख्य स्वारांना घराबाहेर काढले. वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ मध्ये, सायमन यांनी तोच मार्ग पुन्हा धरला. या वेळची बीएमडब्ल्यू गाडी अधिक बळकट होती, परंतु अधिक जडही होती. केनियात पडून त्यांचा पाय मोडला. तो बरा झाल्यावर त्यांनी प्रवास पूर्ण केला.

कच्च्या वाटांसाठी मुद्दाम बनविलेल्या गाड्या याच सुमारास आल्या. यामाहा कंपनीची ‘एक्सटी ५००’ ही १९७६ मध्ये बाजारात आलेली एक सिलिंडरची गाडी साधी, उंच व दुरुस्तीला सोपी होती. तिची मूळ टाकी लहान असल्याने आफ्रिकेत जाणारे स्वार तीवर मोठी ॲल्युमिनियमची टाकी चढवीत. पॅरिस ते डाकार या शर्यतीचे प्रवर्तक त्येरी साबीन हे १९७७ मध्ये अशाच एका शर्यतीत वाळवंटात वाट चुकून मरणाच्या दारी पोहोचले होते. त्यांची गाडीही ‘एक्सटी ५००’च होती. २६ डिसेंबर १९७८ रोजी सुरू झालेली पहिली पॅरिस-डाकार शर्यत सिरिल नव्हू यांनी याच जातीच्या गाडीवर जिंकली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने सु. ८०० घ. सेंमी. एंजिनाची ‘आर ८० जी/एस’ ही गाडी आणली. या नावातील दोन अक्षरे रान व रस्ता या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे होत. साखळीऐवजी दंडाने चालणारे मागचे चाक एकाच बाजूच्या भुजेवर बसविलेले असल्याने ते झटपट काढता येई. यूबेर ओरिऑल यांनी १९८१ ची डाकार शर्यत याच जातीच्या गाडीवर जिंकली. शर्यतीच्या नावाने पुढे निघालेल्या तिच्या आवृत्तीत ३२ लिटरांची टाकी होती. एवढ्या पेट्रोलचे वजनच सु. २४ किग्रॅ. भरते व ते गाडीच्या वरच्या अंगाला असते, हे मात्र जाहिरातीतून सहसा कळत नसे.

सामानाच्या पेट्या व सांगाडा : दूरप्रवासी मोटारसायकलीचे आज ओळखीचे झालेले रूप तिच्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांमुळे आले आहे. प्रथम या पेट्या प्रवासी स्वतःच घडवीत. लंडनच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनी एलस्पेथ बिअर्ड यांनी १९८२ ते १९८४ या काळात १९७४ च्या बनावटीच्या, ६०० घ. सेंमी.च्या जुन्या बीएमडब्ल्यूवरून जगप्रवास केला. वाटेत सिडनी येथे नोकरी करीत असताना त्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडून कुलूपबंद पेट्या तयार केल्या. पुढे हा मोठा व्यवसाय झाला. १९९० मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या टुराटेकसारख्या कंपन्यांनी पेट्या, नळ्यांचे संरक्षक पिंजरे, दिव्याच्या जाळ्या, रुंद पायटेकू अशा वस्तूंची जाडजूड सूचिपत्रे काढली. यांतील प्रत्येक वस्तू एकेकटी उपयुक्त असते. सर्व एकाच गाडीवर चढविल्या म्हणजे त्यांचाच भार वाहण्यासाठी आणखी बळकट स्प्रिंगा घालाव्या लागतात.

पेट्यांचा मुख्य दोष त्यांच्या जागेत असतो. मोटारसायकलीचा मुख्य सांगाडा एंजिन व पुढचे चाक धरून ठेवतो. आसनामागचा सांगाडा मात्र पातळ नळ्यांचा असतो व तो मुळात सहप्रवाशापुरताच आखलेला असतो. मागच्या आसाच्याही मागे वजन टांगले की, प्रत्येक खड्ड्यात ते तरफेप्रमाणे या नळ्यांवर जोर देते. हजारो हिसक्यांनंतर धातूला थकवा येऊन सांधा चिरतो. शिवाय पुढचे चाक हलके होऊन वेगात डळमळू लागते. म्हणून जड वस्तू, म्हणजे अवजारे, सुटे भाग व पाणी, शक्य तितक्या खाली व पुढे, एंजिनाच्या दोन्ही बाजूंस बांधाव्यात आणि मागे केवळ झोपण्याची पिशवी व तंबू ठेवावा, असा संकेत रूढ झाला. पेट्या धरणारी चौकट पोलादी असावी, असाही अनुभवी स्वारांचा आग्रह असतो. कारण पोलाद कोणत्याही गावचा वेल्डिंगवाला जोडून देतो, ॲल्युमिनियमला मात्र निराळी साधने व निराळा हात लागतो. वाळूत वा चिखलात पाय टेकताना तो कठीण पेटी व जमीन यांच्यामध्ये सापडून मोडल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे अलीकडे पुष्कळ स्वार पुन्हा जाड कापडाच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांकडे वळले आहेत. चोरीची भीती मात्र त्यांत अधिक असते.

एंजिनाची सिद्धता बाहेरून फारशी दिसत नाही, पण प्रवास तिच्यावरच टिकतो. धुळीच्या मुलखात हवेच्या गाळणीवर तेल लावलेल्या स्पंजाचे आवरण घालतात व ते वरचेवर धुतात. बारीक वाळू आत गेली, तर सिलिंडर व पिस्टन अल्पकाळातच झिजतात. पेट्रोल गाळण्यासाठी नळीत गाळणी बसवितात. क्लच व ॲक्सिलरेटर यांच्या जादा केबल चालू केबलींच्या शेजारीच बांधून ठेवतात, म्हणजे एक तुटताच केवळ टोके बदलून पुढे जाता येते. टायरच्या ट्यूबा, पंक्चरचे सामान, टायर उचलण्याच्या पट्ट्या, पंप, चेनचे जोड, प्लग, फ्यूज, तार व चिकटपट्टी यांना पर्याय नाही. स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी लोखंडी चकती वेल्ड केली, तर गाडी मऊ जमिनीत कलंडत नाही. या एका चकतीने जेवढी गैरसोय टळते, तेवढी कित्येक महागड्या उपकरणांनी टळत नाही. अशी सर्व कामे प्रवासापूर्वी स्वाराने स्वतः एकदा तरी करून पाहावीत, अशी शिफारस केली जाते. आफ्रिका व आशियातील पुष्कळ सीमांवर गाडीपुरते जकात-हमीचे ‘कार्ने’ हे कागदपत्रही लागते. भारतातून जाणाऱ्या गाड्यांची अशी कागदपत्रे मुंबईच्या, १९१९ मध्ये स्थापन झालेल्या, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने दिलेली आहेत.

भारतातील परंपरा : भारतात ही परंपरा मुख्यतः हिमालयाच्या रस्त्यांवर वाढली व तिचे वाहन दीर्घकाळ रॉयल एन्फील्ड कंपनीची बुलेट हेच होते. सैन्याची गरज भागविण्यासाठी मागविलेल्या या ब्रिटिश गाडीची मद्रास येथे १९५५ पासून जुळणी होऊ लागली व पुढे संपूर्ण निर्मितीही तेथेच झाली. ब्रिटनमधील मूळ कारखाना बंद पडल्यावरही भारतात ती चालूच राहिली. ३५० घ. सेंमी. बुलेट जड होती, तिचे तेल ठिबके व ब्रेक बेताचेच होते. तरीही तिचे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि तिचे एंजिन उघडणारा मिस्त्री रस्त्याकडेला भेटे. लांबच्या प्रवासात हा गुण इतर सर्व दोषांवर मात करतो. मुंबई-पुण्याकडचे स्वार या गाड्या पुष्कळदा आगगाडीने चंडीगढ वा जम्मूपर्यंत पाठवून तेथून लडाखकडे निघत.

मनाली-लेह रस्त्यावर तांडी येथील पेट्रोलपंपाजवळच्या फलकावर पुढचा पंप ३६५ किमी. दूर असल्याची सूचना दीर्घकाळ होती. बुलेटची सु. १४ लिटरांची टाकी सपाटीवर या अंतराला कशीबशी पुरली असती. चढावर पेट्रोल अधिक जळते, म्हणून पाच-दहा लिटरांचा डबा बरोबर घेणे भाग पडे. त्यातूनच ‘लडाख कॅरिअर’ या नावाने ओळखली जाणारी, आसनाच्या दोन्ही अंगांना उतरणारी लोखंडी चौकट प्रचारात आली. तिच्यावर सामान, डबे व पावसाळी कापड दोरीने आवळून बांधीत. दोर एका दिवसात सैल होतो, हे पहिल्या घाटातच कळून येई. समुद्रसपाटीपासून ५,००० मी.हून उंच असलेल्या खिंडींत हवेचा दाब निम्म्याच्या जवळपास उतरतो. कार्ब्युरेटरातून पेट्रोल मात्र पूर्वीच्याच मानाने येत राहते. त्यामुळे मिश्रण घट्ट होऊन प्लग काळे पडतात व गाडी धापा टाकू लागते. लहान जेट घालणे हा यावरचा उपाय. खारदुंग ला या खिंडीची उंची तेथील फलकावर ५,६०२ मी. दाखविली जात असे, ती प्रत्यक्षात ५,३५९ मी. आहे; एंजिनाला या फरकाने विशेष दिलासा मिळत नाही. पेट्रोल-अंतःक्षेपणाची पद्धत आल्यावर मिश्रण आपोआप जुळू लागले व जेट बदलण्याची कला मागे पडली. २०२० च्या प्रदूषण-मानकांनंतर नव्या भारतीय मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. रॉयल एन्फील्डने २०१६ मध्ये आणलेल्या ‘हिमालयन’ या ४११ घ. सेंमी.च्या गाडीत पेट्या व पेट्रोलचे डबे अडकविण्याच्या जागा कारखान्यातूनच केलेल्या होत्या. लडाख कॅरिअरची गरज अशा रीतीने मूळ आराखड्यातच सामावली गेली.

अलीकडील स्थिती : २००४ मध्ये इवन मॅक्‌ग्रेगर व चार्ली बूरमन या अभिनेत्यांनी लंडन ते न्यूयॉर्क असा पूर्वाभिमुख प्रवास केला. त्यावरील दूरचित्रवाणी-मालिकेने मोठ्या दूरप्रवासी गाड्यांची मागणी वाढविली. त्यांच्या बीएमडब्ल्यू गाड्या ३० लिटरांच्या टाकीच्या व पेट्रोलसह पाव टनाहून अधिक वजनाच्या होत्या. पेट्या व चित्रीकरणाचे सामान निराळेच. मंगोलियात त्यांच्या चित्रणकाराच्या गाडीचा सांगाडा तुटला. ती ट्रकमधून पुढे पाठविण्यात आली आणि त्याने स्थानिक बाजारातून घेतलेल्या ‘इझ’ या साध्या रशियन मोटारसायकलीवर स्वारी पुढे चालविली. ही गाडी तेथील मेंढपाळ वापरीत आणि दुरुस्तही करीत.

या अनुभवानंतरही जड गाड्यांची लोकप्रियता घटली नाही. रुंद व पक्क्या रस्त्यांवर त्या खरोखरच सुखद असतात. शर्यतीने मात्र उलट दिशा धरली. डाकार शर्यतीत २०११ पासून एंजिनाला ४५० घ. सेंमी.ची मर्यादा घालण्यात आली. प्रवासी गाड्यांतही २०१९ ची यामाहा ‘टेनेरे ७००’, २०२० ची केटीएम ‘३९० ॲडव्हेंचर’ व २०२३ ची ४५२ घ. सेंमी.ची नवी ‘हिमालयन’ या मध्यम वजनाच्या गाड्यांना चांगले गिऱ्हाईक मिळाले. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे या गाड्या अधिक सुरक्षित झाल्या, परंतु संवेदक बिघडला तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा इलाज चालत नाही. म्हणून दोष वाचणारे छोटे उपकरण आता पान्यांच्या गुंडाळीत ठेवले जाते. चाकांबाबतची जुनी अडचण मात्र बरीचशी दूर झाली आहे. तारांचे चाक दगडावर आदळले तरी लवचिकपणे टिकते, पण त्याला ट्यूब लागते व पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवावे लागते. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या ‘आर १०० जीएस’ या गाडीत तारा धावेच्या कडांना अडकवून ट्यूबविरहित टायर बसविण्याची सोय केली. भारतात ‘हिमालयन’साठी अशी तारांची ट्यूबविरहित चाके २०२४ मध्ये उपलब्ध झाली, त्यांचे पंक्चर चाक न उतरवता बाहेरूनच, रबराचा दोरा खुपसून बुजविता येते.